उद्याने राखीव झाली, राखणार कोण?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उद्यान विभागाने १३ मे २०११ रोजी एक यादी जाहीर केली. राज्याच्या मालकीच्या २७८ उद्यानांपैकी ७० उद्याने १ जुलै २०१२ पर्यंत बंद करण्यात येतील, असे तीत म्हटले होते. शेकडो वर्षे वयाच्या रेडवूड वृक्षांची वने, पॅसिफिक महासागराचे किनारे, सोन्याच्या शोधात आलेल्यांनी वसविलेली जुनी गावे, लेखक जॅक लंडन यांची शेतवाडी, अशी स्थळे त्या यादीत होती. एवढे सारे बंद करून राज्याची बचत होणार होती २ कोटी २० लाख डॉलरची. त्याच वर्षाच्या प्रारंभी राज्याच्या अर्थसंकल्पातील तूट सुमारे अडीच हजार कोटी डॉलर होती. म्हणजे चौथा हिस्सा उद्यानांना कुलूप लावूनही तुटीचा हजारावा भाग भरून निघणार नव्हता.

ही यादी पूर्णपणे अमलात आली नाही. परंतु तिने उपस्थित केलेला प्रश्न आजही कायम आहे आणि तो केवळ कॅलिफोर्नियापुरता नाही. एखादी वनभूमी उद्यान म्हणून राखीव करणे ही एकदाच घडणारी गोष्ट आहे. तिचे समारंभ होतात, फलक लागतात. ती भूमी राखणे हा मात्र रोजचा खर्च आहे आणि त्याचा समारंभ होत नाही. हा रोजचा खर्च सरकारी तिजोरीने उचलायचा, की येणाऱ्या पर्यटकाने, की देणगीदाराने, यावर अमेरिकेतील राज्यांनी गेल्या काही दशकांत वेगवेगळी उत्तरे शोधली. त्यांतील काही फसली, काही टिकली.

राज्य उद्यान म्हणजे काय?

अमेरिकेतील उद्यान म्हटले, की यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन यांचे नाव डोळ्यांसमोर येते. ही राष्ट्रीय उद्याने असून त्यांचा खर्च संघराज्य सरकार करते. त्यांच्याखेरीज प्रत्येक राज्याची स्वतःची उद्याने आहेत. ती आकाराने बहुधा लहान, शहरांना जवळ आणि सामान्य कुटुंबाला शनिवार-रविवारी गाठता येतील अशी असतात. देशभरातील राज्य उद्यानांना वर्षाला ८० कोटींच्या आसपास भेटी दिल्या जातात. राष्ट्रीय उद्यानांना दिल्या जाणाऱ्या भेटींच्या दुपटीहून ही संख्या अधिक आहे. पहिल्यांदा तंबूत राहणारी, पहिल्यांदा हरीण पाहणारी अमेरिकी मुले बहुतांशी राज्य उद्यानांतच जातात.

या कल्पनेचा इतिहास राष्ट्रीय उद्यानांपेक्षा जुना आहे. यलोस्टोन १८७२ मध्ये अस्तित्वात आले. त्याच्या आठ वर्षे आधी, ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध सुरू असताना राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी योसेमिटीचे खोरे आणि तेथील महावृक्षांची राई कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केली. ही भूमी लोकांच्या वापरासाठी व विसाव्यासाठी कायम ठेवावी, अशी अट त्या कायद्यात होती. १९०६ मध्ये योसेमिटी पुन्हा संघराज्याकडे गेले.

न्यूयॉर्क राज्यातील नायगारा धबधब्याची कथा अधिक बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धबधब्याच्या अमेरिकी काठावरील जवळजवळ सारी जमीन खासगी मालकीची झाली होती. काठावर गिरण्या उभ्या राहिल्या होत्या आणि धबधबा पाहायचा तर जमीनमालकाला पैसे मोजावे लागत. ‘नायगारा मुक्त करा’ ही चळवळ त्यातून उभी राहिली. राज्याने जमीन विकत घेतली आणि १५ जुलै १८८५ रोजी नायगारा सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. राज्य उद्यानामागील मूळ तत्त्व या घटनेत स्पष्ट दिसते. निसर्गाचे काही ठेवे बाजारावर सोडले, तर ते बहुसंख्यांच्या हातून जातात. म्हणून ते सार्वजनिक पैशाने सार्वजनिक करावे लागतात.

कॅलिफोर्नियातील सर्वांत जुने राज्य उद्यान बिग बेसिन हे १९०२ मध्ये स्थापन झाले. सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील हे रेडवूड वन लाकूडतोडीत नष्ट होण्याच्या मार्गावर होते. छायाचित्रकार अँड्र्यू हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी लोकमत जागे केले. पुढे १९२८ मध्ये त्या राज्यातील मतदारांनी उद्यानांसाठी ६० लाख डॉलरचे कर्जरोखे काढण्यास सुमारे तिनास एक अशा बहुमताने मान्यता दिली. सरकारने खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरला तेवढ्याच देणगीची जोड मिळावी, अशी अट त्यात होती. सार्वजनिक पैसा आणि लोकवर्गणी यांच्या या जोडीतून आजच्या व्यवस्थेचा पाया घातला गेला.

तीन खिसे आणि एक गफलत

राज्य उद्यानांकडे पैसा येण्याचे मार्ग साधारण तीन आहेत. पहिला, राज्याची सर्वसाधारण तिजोरी, म्हणजे सर्वांच्या करातून जमणारा पैसा. दुसरा, उद्यानात मिळणारे उत्पन्न. त्यात प्रवेश शुल्क, वाहनतळाचे पैसे, तंबूच्या जागांचे भाडे, उपाहारगृहांचा हिस्सा यांचा समावेश होतो. तिसरा, केवळ उद्यानांसाठी राखून ठेवलेला कर किंवा कर्जरोखे.

यांतील कर्जरोख्यांबाबत सामान्य नागरिकाची नेहमी गफलत होते. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००२ मध्ये २६० कोटी डॉलरचे आणि २००६ मध्ये ५४० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. उद्याने, पाणी व निसर्गसंवर्धन हे त्यांचे विषय होते. एवढा पैसा मंजूर होऊनही दोन-पाच वर्षांत उद्याने बंद करण्याची वेळ कशी येते, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर असे, की रोख्यांचा पैसा भांडवली कामांसाठी असतो. त्यातून जमीन घेता येते, इमारत बांधता येते. रेंजरचा पगार, स्वच्छतागृहाची सफाई, वणव्यानंतर पायवाटेवर पडलेली झाडे हटविणे, पर्यटक हरवला तर त्याचा शोध घेणे ही कामे रोख्यांवर चालत नाहीत. ती तिजोरीतून किंवा तिकिटातूनच करावी लागतात. परिणामी मतदार नवी उद्याने देत राहिले आणि ती चालविण्याचा पैसा मात्र आटत गेला.

तिजोरीतून मिळणारा पैसा आटण्याचेही कारण आहे. राज्याच्या अर्थसंकल्पातील मोठे खर्च कायद्याने बांधलेले असतात. कॅलिफोर्नियात शाळांना किमान किती रक्कम द्यायची, हे १९८८ च्या सार्वमताने ठरवून दिले आहे. आरोग्य योजनांसाठी संघराज्याच्या अटी असतात. तुरुंगांबाबत न्यायालयांचे आदेश असतात. मंदी आली, महसूल घटला, की कात्री लावण्यासारखे जे थोडे खर्च उरतात, त्यांत उद्यानांचा क्रमांक वरचा असतो. उद्यानाच्या बाजूने न्यायालयाचा आदेश नसतो आणि झाडे निवेदन घेऊन येत नाहीत.

कात्री लावली तरी उद्यान त्याच दिवशी कोसळत नाही, हीच यातील खरी अडचण आहे. पहिल्या वर्षी छपराची दुरुस्ती पुढे ढकलली जाते. दुसऱ्या वर्षी सेप्टिक टाकीची. तिसऱ्या वर्षी पाण्याची वाहिनी फुटते आणि तंबूतळ बंद ठेवावा लागतो. तंबूतळ बंद, म्हणून भाडे बुडते. भाडे बुडाले, म्हणून पुढची दुरुस्ती रखडते. कॅलिफोर्नियात अशा रखडलेल्या कामांचा अनुशेष या संकटाच्या काळात १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता.

बंद उद्यानाचे काय होते?

कॅलिफोर्नियातील संकट एका दिवसात आले नाही. जानेवारी २००८ मध्ये तत्कालीन गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी ४८ उद्याने बंद करण्याचा प्रस्ताव मांडला आणि विरोधानंतर मागे घेतला. २००९ मध्ये मंदी तीव्र झाल्यावर तब्बल २२० उद्याने बंद करण्याचा प्रस्ताव आला. तोही टळला. परंतु त्याऐवजी सुमारे दीडशे उद्यानांतील सेवा कमी करण्यात आल्या किंवा ती आठवड्यातील काही दिवस बंद ठेवण्यात येऊ लागली. जेरी ब्राऊन गव्हर्नर झाल्यानंतर २०११ मध्ये ७० उद्यानांची यादी आली.

या काळात एक गोष्ट स्पष्ट झाली. शाळेला कुलूप लावता येते, वनाला लावता येत नाही. किनाऱ्यावर लोक येतच राहतात. फरक एवढाच, की तेथे रेंजर नसतो. कोणी बुडाले, कोणी शेकोटी पेटवून निघून गेले, कोणी झाड तोडले, तर पाहणारे कोणी नसते. मोहावी वाळवंटातील मिचेल गुंफांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. चुनखडीच्या नैसर्गिक लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे उद्यान जानेवारी २०११ मध्ये बंद झाले. त्यानंतर चोरट्यांनी तेथील विजेच्या तारा काढून नेल्या आणि इमारतींची नासधूस केली. गुंफा पुन्हा खुल्या होण्यास नोव्हेंबर २०१७ उजाडला. कुलूप लावून वाचविलेला पैसा पुढे दुरुस्तीत गेला.

कायद्याचीही अडचण होती. काही उद्यानांची जमीन संघराज्य सरकारने ‘येथे सार्वजनिक उद्यान चालवावे’ या अटीवर राज्याला दिली होती. उद्याने बंद झाल्यास अशा सहा ठिकाणची जमीन परत घेतली जाऊ शकते, असा इशारा राष्ट्रीय उद्यान सेवेने २००९ मध्येच दिला होता. सान फ्रान्सिस्कोच्या खाडीतील एंजल आयलंड त्यांत होते.

२०११ च्या यादीनंतर लोकांनी उद्याने सोडली नाहीत. स्वयंसेवी संस्थांना उद्यान चालविण्याची मुभा देणारा कायदा त्याच वर्षी झाला. जॅक लंडन उद्यान २०१२ पासून अशाच एका संस्थेने चालवावयास घेतले. कोठे देणगीदार पुढे आले, कोठे स्थानिक प्रशासन. तीन उद्यानांचा भार काही काळ राष्ट्रीय उद्यान सेवेने उचलला. मुदत संपेपर्यंत यादीतील बहुतेक उद्यानांना कोणी ना कोणी वाली मिळाला होता.

आणि नेमक्या त्याच सुमारास, जुलै २०१२ मध्ये, उद्यान विभागाच्या दोन निधींत मिळून ५ कोटी ४० लाख डॉलर पडून असल्याचे उघड झाले. त्यातील सुमारे २ कोटी डॉलर थेट उद्यानांच्या निधीत होते. उरलेली रक्कम आडवाटेने धावणाऱ्या वाहनांसाठीच्या निधीतील होती. वर्षानुवर्षे या रकमेची खरी माहिती राज्याच्या वित्त विभागाला दिली गेली नव्हती. उद्यान विभागाच्या संचालक रूथ कोलमन यांनी राजीनामा दिला. शिल्लक दाखविली तर पुढच्या वर्षी कपात होईल, या भीतीपोटी ही रक्कम जाणूनबुजून दडविण्यात आल्याचे महान्यायवादींच्या कार्यालयाने केलेल्या चौकशीतून पुढे आले.

ज्यांनी उद्यान वाचविण्यासाठी घरोघरी जाऊन वर्गणी गोळा केली होती, त्यांना हा प्रकार विश्वासघात वाटला आणि ते स्वाभाविक होते. विधिमंडळाने दोन वर्षे एकही उद्यान बंद करता येणार नाही, असा कायदा केला. परंतु यातून निघालेला धडा ‘उद्यानांना पैशाची गरज नव्हती’ असा नाही. दडविलेली रक्कम दुरुस्तीच्या अनुशेषापुढे अगदीच किरकोळ होती. धडा असा, की सार्वजनिक पैसा मागणाऱ्या खात्याला सार्वजनिक हिशेबही द्यावा लागतो. हिशेब लपला, की उद्यानाचा सर्वांत मोठा आधार, म्हणजे लोकांचा विश्वास, तुटतो.

‘येणाऱ्यानेच पैसे द्यावेत’

उद्यानांच्या सरकारी खर्चावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की जो उद्यानात जातो त्यानेच पैसे द्यावेत, न जाणाऱ्याच्या करातून ती का चालवावीत? हा युक्तिवाद वरवर न्याय्य वाटतो. न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याने १९९१ पासून आपल्या उद्यानांचा चालू खर्च त्यांच्याच उत्पन्नावर भागविण्याचे धोरण ठेवले. त्या राज्याकडे हॅम्प्टनचा गजबजलेला समुद्रकिनारा आहे आणि कॅनन पर्वतावर राज्याच्याच मालकीचे बर्फक्रीडा केंद्र आहे. ही दोन-चार कमावती स्थळे बाकीच्यांना पोसतात.

या पद्धतीची मर्यादाही त्यातच आहे. उन्हाळा पावसात गेला किंवा हिवाळ्यात बर्फ कमी पडले, की उत्पन्न घसरते. खर्च मात्र तेवढाच राहतो. ज्या उद्यानात केवळ दुर्मीळ वनस्पती आहेत, एखादी पाणथळ जागा आहे किंवा दूरवरचे ओसाड गाव आहे, ते कधीच आपला खर्च भागवू शकत नाही. उत्पन्नाचा दबाव वाढला, की उद्यानाचे रूप बदलू लागते. दुकाने, निवासस्थाने, वाहनतळ वाढतात. शुल्क वाढविले, तर सर्वप्रथम मागे राहतात ती कमी उत्पन्नाची कुटुंबे, म्हणजे ज्यांच्याकडे सहलीचा दुसरा पर्यायच नाही ती.

शिवाय उद्यानाचा लाभ तिकीट काढणाऱ्यापुरता नसतो. वनातून येणारे पाणी, पुराचे पाणी सामावून घेणारी नदीकाठची सखल जमीन, किनाऱ्याची धूप रोखणारे वाळूचे ढीग, शहराला लागून असलेली मोकळी हवा यांचा लाभ उद्यानात कधीही न गेलेल्यालाही मिळतो. त्याचे तिकीट कोणी फाडत नाही. अग्निशमन दलाचा खर्च आग लागलेल्या घराकडून वसूल केला जात नाही, तोच न्याय येथे लागू होतो.

थोडा कर, पण कायमचा

मग तोडगा काय? कॅलिफोर्नियाने २ नोव्हेंबर २०१० रोजी एक प्रयत्न करून पाहिला. राज्यातील वाहनांच्या नोंदणीवर वर्षाला १८ डॉलरचा अधिभार लावावा, त्यातून वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर उभे करावेत आणि त्या बदल्यात राज्यातील वाहनांना उद्यानांत विनामूल्य प्रवेश द्यावा, असा प्रस्ताव सार्वमताला टाकण्यात आला. मंदीच्या तडाख्यात सापडलेल्या मतदारांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी तो फेटाळला.

त्याच वर्षी मिशिगन राज्याने वेगळी वाट धरली. तेथे वाहनाची नोंदणी नूतनीकरण करताना अर्जात एक प्रश्न ठेवण्यात आला. १० डॉलर अधिक दिल्यास वर्षभर साऱ्या राज्य उद्यानांत प्रवेश मिळेल, हवे आहे का? सक्ती नव्हती. साधारण चारपैकी एका वाहनमालकाने ‘होय’ म्हटले. त्याआधी वर्षभराच्या परवान्यासाठी २४ डॉलर मोजावे लागत. दर कमी करून, पण देणाऱ्यांची संख्या वाढवून मिशिगनने आपल्या उद्यानांना स्थिर उत्पन्न मिळवून दिले.

याहून जुना आणि अधिक टिकलेला प्रयोग मिसूरी राज्याचा आहे. तेथील मतदारांनी १९८४ मध्ये विक्रीकरात एक दशांश टक्क्याची वाढ मान्य केली. म्हणजे १०० डॉलरच्या खरेदीवर १० सेंट. त्यातील निम्मे शेतजमिनीची धूप रोखण्यासाठी आणि निम्मे राज्य उद्यानांसाठी. शहरी पर्यटक आणि ग्रामीण शेतकरी यांना एका करात बांधण्याची ही युक्ती होती. पहिल्यांदा हा कर जेमतेम मताधिक्याने संमत झाला. परंतु तो कायमचा नव्हता. ठरावीक मुदतीने पुन्हा मतदारांपुढे जावे लागे. १९८८, १९९६, २००६ आणि २०१६ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले आणि २०१६ मध्ये तर सुमारे ८० टक्के मतदारांनी त्याला कौल दिला. मिसूरीच्या राज्य उद्यानांत प्रवेश शुल्क नाही. मतदार करवाढीच्या नेहमीच विरोधात असतो, हा समज या राज्याने खोटा ठरविला. आपले १० सेंट कोठे गेले, हे दर शनिवारी डोळ्यांनी दिसत असेल, तर मतदार ते पुन्हा देतो.

टेक्सासची कथा सावध करणारी आहे. खेळसाहित्याच्या विक्रीवरील कराचा पैसा उद्यानांना द्यावा, असे तेथे १९९३ पासून कायद्यात होते. परंतु किती द्यावा, हे विधिमंडळ दर वेळी ठरवीत असे आणि बराचसा पैसा इतरत्र वळविला जाई. म्हणजे कर उद्यानांच्या नावाने आणि खर्च भलतीकडे. अखेर २०१९ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून हा पैसा उद्याने व ऐतिहासिक स्थळांसाठीच बांधून देण्यात आला. त्या सार्वमतात सुमारे ८८ टक्के मते अनुकूल पडली. उद्यानांच्या प्रश्नावर टेक्सासमध्ये पक्षभेद उरला नव्हता, हेच त्यातून दिसले.

पैशाबरोबर कायद्याचे कुंपण

पैसा असूनही उद्यान हातचे जाऊ शकते, हे टेक्साससच २०२३ मध्ये अनुभवावे लागले. फेअरफिल्ड लेक हे उद्यान १९७६ पासून लोकांसाठी खुले होते. परंतु त्याखालची जमीन राज्याची नव्हती. ती एका वीज कंपनीने भाडेपट्ट्याने दिली होती. कोळशावरील वीज केंद्र बंद पडल्यानंतर कंपनीने जमीन विकावयास काढली, एका बांधकाम व्यावसायिकाने ती घेतली आणि जवळजवळ अर्धशतक लोक जेथे मासे पकडीत होते, ते उद्यान बंद झाले. सक्तीने भूसंपादन करण्याचा विचार राज्याने केला व सोडून दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी नव्या उद्यानांसाठी जमीन घेण्याकरिता १०० कोटी डॉलरच्या निधीस मान्यता दिली. टेक्सासच्या उद्यान मंडळाच्या स्थापनेला त्या वर्षी १०० वर्षे पूर्ण होत होती.

फ्लोरिडात धोका वेगळ्या दिशेने आला. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील राज्य सरकारने नऊ उद्यानांत गोल्फची मैदाने, पिकलबॉलची मैदाने आणि ३५० खोल्यांपर्यंतची निवासस्थाने बांधण्याचा आराखडा पुढे आणला. दोन्ही पक्षांचे लोक रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच आराखडा गुंडाळावा लागला. परंतु लोक तेथे थांबले नाहीत. अशा बांधकामांना मनाई करणारा कायदा विधिमंडळाने संमत केला आणि मे २०२५ मध्ये गव्हर्नरांची त्यावर स्वाक्षरी झाली.

कायद्याच्या कुंपणाचे सर्वांत जुने आणि भक्कम उदाहरण न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅडिरोंडॅक पर्वतराजीत आहे. तेथील राज्याच्या मालकीची वनभूमी कायमची वन्य अवस्थेतच ठेवावी, ती विकू अथवा भाड्याने देऊ नये, तेथील लाकूड तोडू नये, असे १८९४ मध्ये राज्यघटनेतच लिहिण्यात आले. त्यामागे निसर्गप्रेम होते, तसाच व्यवहारही होता. डोंगर उघडे पडले, तर हडसन नदी आणि कालव्यांतील पाणी आटेल व व्यापार बुडेल, अशी भीती व्यापाऱ्यांना वाटत होती. आज तेथे एखादी छोटी जमीन अदलाबदल करावयाची झाली, तरी सलग दोन विधिमंडळांची संमती आणि सार्वमत लागते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे कुंपण टिकले आहे.

वणव्यानंतरचा हिशेब

हवामानबदलाने या साऱ्या हिशेबाला नवे परिमाण दिले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये विजा कोसळून लागलेल्या वणव्यांत बिग बेसिनचा ९७ टक्क्यांहून अधिक भाग होरपळला. १८ हजार एकरांच्या या उद्यानाचे मुख्यालय, निसर्ग केंद्र, तंबूतळ सारे जळून गेले. जुने रेडवूड वृक्ष मात्र बहुसंख्येने जगले. काळ्या पडलेल्या बुंध्यांतून काही महिन्यांत हिरवे कोंब फुटले. जुलै २०२२ मध्ये उद्यानाचा थोडा भाग मर्यादित लोकांसाठी खुला करण्यात आला. अशी उभारणी तिकिटाच्या पैशातून होत नाही. बंद उद्यानाला तिकीटच नसते. नेमक्या गरजेच्या वेळी आटणारे उत्पन्न हा उद्यानाचा पाया होऊ शकत नाही, हे बिग बेसिनने दाखविले.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१८ मध्ये सुमारे ४०० कोटी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये १००० कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले आहेत. उद्याने त्यातील लाभार्थींपैकी एक आहेत. जून २०२४ मध्ये मोडेस्टो शहराजवळ डॉस रिओस हे नवे राज्य उद्यान खुले झाले. दशकाहून अधिक काळानंतरचे ते पहिलेच. दोन नद्यांच्या संगमावरील शेतजमीन पुन्हा पूरक्षेत्र म्हणून नदीला देण्यात आली आहे. पूर आला, की पाणी येथे पसरते आणि खालच्या वस्त्या वाचतात. मात्र रोख्यांचा पैसा चालू खर्चाला लागत नाही, ही जुनी अडचण आजही तशीच आहे.

आपल्याकडे काय?

भारतात ‘राष्ट्रीय उद्यान’ असे नाव असले, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३५ अन्वये ते घोषित करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे आणि ती चालवितात राज्यांचे वन विभाग. त्या अर्थाने ताडोबा, पेंच, गुगामल, नवेगाव, चांदोली आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ही महाराष्ट्राची राज्य उद्यानेच आहेत. सीमा बदलावयाची, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. हे आपले कायद्याचे कुंपण.

पैशाच्या बाबतीत मात्र अमेरिकेतीलच पेच येथे दिसतो. वरील सहांपैकी पाच उद्याने व्याघ्र प्रकल्पांत येतात. २००६ च्या कायदादुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांना स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापण्याची व पर्यटनाचे उत्पन्न तेथेच वापरण्याची सोय दिली. ताडोबात वाघ दिसतो, म्हणून फाटकावर रांग लागते. चांदोलीच्या दाट जंगलात वाघ सहजी दिसत नाही. तिकिटाच्या हिशेबाने चांदोली कमी मोलाचे ठरेल. पाणलोटाच्या हिशेबाने तसे मुळीच नाही.

बोरिवलीचे उद्यान तर व्याघ्र प्रकल्पही नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार व तुळशी हे दोन त्याच्या कुशीत आहेत. महानगराच्या मध्यावर बिबट्या जगू शकतो, तो या वनामुळे. या उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश देण्यासाठी १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला पुढे यावे लागले होते. राखीव झालेली जमीन राखण्यासाठी माणसे, वाहने, भिंती आणि हटविलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन या साऱ्यांवर सातत्याने खर्च करावा लागतो, हे मुंबईकरांनी तेव्हापासून पाहिले आहे.

अमेरिकेतील राज्यांच्या अनुभवातून नागरिकांना विचारता येण्याजोगे तीन साधे प्रश्न मिळतात. उद्यानासाठी मंजूर झालेल्या रकमेतील किती भाग नव्या बांधकामाचा आहे आणि किती वनरक्षकांच्या वेतनाचा व देखभालीचा? रखडलेल्या दुरुस्त्यांची यादी वन विभाग दर वर्षी जाहीर करतो का? आणि उद्यानाच्या नावाने जमलेला पैसा उद्यानावरच खर्च झाला, याचा हिशेब कोठे पाहावयास मिळतो? हे प्रश्न अर्थसंकल्पी अधिवेशनात एखाद्या आमदाराने विचारावेत, एवढी अपेक्षा मतदाराने आपल्या प्रतिनिधीकडून ठेवण्यास हरकत नाही.